पावलं मोजणीत नसतात

सासूबाईंची बॅग आदल्या दिवशीच भरून झाली होती, फक्त चेन लावायची बाकी. कमलबाई तोंडाने काही बोलत नव्हत्या, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज डॉक्टरांनी सून बरी झाली म्हटलं की त्या महाडला जाणार. तिथे वैशालीचे, त्यांच्या धाकट्या लेकीचे, दिवस भरत आले होते. दोन वर्षं सुनेच्या दुखण्यापायी अडकून पडलेल्या बाईला लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला जावंसं वाटलं, तर त्यात चूक काय होतं? काहीच नव्हतं. मेघनाला छळत होतं ते तेच.

मनवा जन्मली आणि पाठोपाठ मेघनाला संधिवात जडला. बोटं सुजून वेलची केळ्यांसारखी झाली होती. औषधांनी सूज गेली. सकाळ मात्र गेली नाही. पलंगावरून पाय खाली टेकले की अनवाणी खडीवर उभं राहिल्यासारखं व्हायचं. कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसावं तेव्हा कुठे बोटं मिटायची. नवऱ्याला, राजरत्नला, कामावर पहिली पाळी, तो अंधारातच घराबाहेर पडलेला. तोवर मनवाला धुणं, तिच्या फ्रॉकची बटणं, दुधाचं पातेलं, सगळं कमलबाईंकडे. ऊन वर चढलं की मेघना चार बायकांसारखी होऊन जायची.

आणि डॉक्टरांची वेळ नेमकी दुपारची. त्यातून तपासणीच्या दिवशी ती उठल्या उठल्या दुखणं थांबवायची गोळी घ्यायची. लपवायचं म्हणून नव्हे. नायगावच्या चाळीचे जिने उतरायचे, परळ गाठायचं, आणि डॉक्टरांपुढे काय कण्हत जायचं? पाहुणे यायच्या आधी घर आवरावं, तसं ती डॉक्टरांकडे जाण्याआधी अंग आवरायची.

चपला सगळ्यांसारख्या दाराबाहेर काढून ती आत गेली. डॉक्टर वयाने तिच्याएवढेच, मृदू बोलणारे. त्यांनी मनगटं दाबली, बोटांचे सांधे एकेक करून दाबले, कोपर, खांदे, गुडघे. दर वेळी दुखतं का विचारलं, दर वेळी ती नाही म्हणाली. खोटं काहीच नव्हतं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आठवडाभर एकूण कसं वाटलं? शून्य म्हणजे झकास, दहा म्हणजे अगदी वाईट.

कमलबाई मांडीवर मनवाला घेऊन खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या. मेघनाच्या मनात सहा आला.

"दोन," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. सूज नाही, रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ, याला आम्ही रेमिशन म्हणतो, म्हणजे आजार शांत झाला, इथवर पुष्कळ जण पोचतही नाहीत, असं त्यांनी कमलबाईंना समजावलं. कमलबाईंनी हात जोडले आणि दार ओलांडताच फोन कानाला लावला. "वैशाली, येते गं मी. परवाच येते."

पाण्याची बाटली आत राहिली म्हणून मेघना परत फिरली.

"सर, मी आज गोळी खाऊन आले. दर वेळी खाऊनच येते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुठली गोळी, कधीपासून, सगळं विचारून घेतलं. सकाळचं ऐकलं, पायांचं ऐकलं. मग तिला बसवून त्यांनी पावलाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आमच्या मोजणीत अठ्ठावीस सांधे असतात," ते जरा ओशाळून म्हणाले. "पावलं त्यात नसतात." पावलांची सोनोग्राफी करू, थोडी सूज सापडेलही. नाही सापडली, तर हे मागच्या सुजेने करून ठेवलेलं नुकसान, आणि त्यावर औषध वाढवून काही उपयोग नाही. "आजार झोपलाय असं समजा."

"मग मला रोज पहाटे कोण उठवतं?"

ते हसणार होते, हसले नाहीत. घरी सांगा म्हणाले, मदत लागते म्हणून स्पष्ट सांगा. "तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो. सासूबाईंना बोलावू आत?"

दाराच्या काचेतून कमलबाई दिसत होत्या. फोनवर हसत होत्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, त्याचंही भान नव्हतं. त्यांना असं हसताना मेघनाने शेवटचं कधी पाहिलं होतं? आत बोलावलं तर त्या राहतील, हे तिला पक्कं माहीत होतं. राहतील, आणि एका शब्दाने कधी बोलून दाखवणार नाहीत. रोज मुकाट्याने फ्रॉकची बटणं लावतील.

"नको," ती म्हणाली.

बाहेर येताच कमलबाईंनी फोन खांद्याशी धरून तिच्या गालावरून हात फिरवला. "सुटलीस गं बाई एकदाची." मनवाने आईकडे हात पसरले. "जा, जा आता आईकडे. आई बरी झाली तुझी."

मेघनाने पोरीला घेतलं. सकाळच्या सवयीने तळवे लावलेच नाहीत. दोन्ही कोपरं तिच्या काखेखाली सरकवली आणि छातीशी दाबून तिला कशीबशी वर ओढली. नुकतीच दाबलेली पावलं नीट टेकेनात, तेव्हा पाठ भिंतीला लावली.

कमलबाई ते बघत होत्या. दोन वर्षं हे हात त्यांनी डॉक्टरांपेक्षा जवळून पाहिले होते. क्षणभर दोघींची नजर एकमेकींवर ठरली. पलीकडून वैशाली काहीतरी विचारत होती.

"हो, हो, एकदम बरी आहे," कमलबाई फोनमध्ये म्हणाल्या, आणि त्यांनी पाठ फिरवली.