पंचवीसपैकी आठ

चमचा बशीवरून घरंगळला, टेबलाच्या कडेशी विचार पडल्यासारखा थबकला आणि खाली गेला. आणि फरशीवर पडून तो नुसताच पडून राहिला, निमूट. म्हणजे आवाज झाला असणार, स्टीलचा चमचा तो, कापसासारखा थोडाच पडेल... पण तिच्यापर्यंत आला नाही. आला तो नवऱ्याचा हात, तिच्या उजव्या खांद्यावरून पुढे, रेडिओच्या बटणाकडे, आणि हातामागून अगदी कानाला लागून त्याची कुरकूर: "बातम्या आपल्यापुरत्या लावल्यात, की अख्ख्या गल्लीसाठी?"

ही मात्र ऐकू आली. उजव्या कानाला एवढ्या जवळून अजून कुरकूर कळते. त्याला वाटलं, कळली नाही. म्हणून तो निवांत चमचा उचलायला वाकला, आणि तिनेही त्याचा गैरसमज मोडला नाही. त्यांच्या संसारात अलीकडे अशा न मोडलेल्या गोष्टींची बरीच गर्दी झाली होती. रस्त्यात तो नेहमी तिच्या उजव्या हाताला चालायचा. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी म्हणाला, मी आता पलंगाच्या या बाजूला झोपतो, भिंतीकडून गार लागतं. तीस वर्षांत त्या भिंतीने त्याला कधी गार केलं नव्हतं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, उशा तेवढ्या बदलल्या. दुसऱ्या गावी राहणारी लेक तर त्याच्याही वरताण. फोनवर तीच म्हणायची, आई, रेंज नाहीये का गं तिकडे? आणि हीसुद्धा म्हणायची, हो ना, रेंजच नाही. गच्चीवर उभी राहून, चारही दांड्या भरलेल्या असताना.

माणसं किती जपतात एकमेकांना. कधीकधी ओरडावंसं वाटतं.

शाळेकडे जाताना पाय भरभर पडत होते आणि पोहोचायचं तर मुळीच नव्हतं. आज एकाच दिवशी दोन दोन संकटं: सकाळी तिच्या वर्गात कानतपासणी आणि दुपारी तोंडी परीक्षा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध वरून आलेल्या एका पत्रकाने जोडला होता. आरोग्यशिक्षण वेगळं घेऊ नका, परक्या भाषेच्या तासाला जोडून घ्या. मुलं शरीर शिकतील आणि भाषाही शिकतील, एका दगडात दोन पक्षी. मेले ते पक्षी की उडाले हे बघायला पत्रक काढणारा कधी आला नाही, ते सोडा. पण तेव्हापासून तिच्या वर्गाच्या भिंतीवर माणसाचा मोठा तक्ता लागला, त्याच्या फुप्फुसांवर, जठरावर, गुडघ्यांवर त्या भाषेतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटल्या, आणि तोंडी परीक्षेचंही रूप बदललं. विद्यार्थी डॉक्टर व्हायचा, बाई पेशंट व्हायच्या. डॉक्टरने पाच प्रश्न विचारायचे, पेशंटने उत्तरं द्यायची. ही कल्पना तिचीच. मुख्याध्यापिकांनी सभेत टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

टाळ्या तिच्या 'पद्धती'लाही मिळालेल्या. बाईंच्या वर्गात कोणी बसल्या जागेवरून बोलत नाही. बोलायचं असेल त्याने उठायचं, खिडकीकडच्या बाजूला, म्हणजे बाईंच्या उजवीकडे यायचं, मान वर, तोंड पूर्ण उघडून एकेक शब्द वेगळा उच्चारायचा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने वहीत शेरा लिहिला होता: उच्चारांवर विशेष मेहनत. नव्या शिक्षकांना मुख्याध्यापिका मुद्दाम तिच्या तासाला पाठवत, बघा, शिका जरा. आणि ते बिचारे मागच्या बाकावर बसून टिपून घेत: विद्यार्थ्याचा चेहरा प्रकाशाकडे हवा. हवाच. नाहीतर ओठ कसे वाचू मी?

चार वर्षं. आधी डाव्या कानात एक शिट्टी सुरू झाली, दूर कुठेतरी कुकर विसरल्यासारखी, आणि मग त्या शिट्टीच्या पलीकडचं एकेक करून निघून गेलं: 'स' गेला, 'फ' गेला, मागच्या बाकांवरची मुलं गेली, बायकांचे आवाज पुरुषांच्या आधी गेले. कानाचं यंत्र घेता आलं असतं. पण भाषेच्या शिक्षिकेने कानात यंत्र घालून शाळेत जाणं म्हणजे आचाऱ्याने जिभेला पट्टी बांधून फोडणी घालणं. उद्या म्हणतील, बाई, तुम्ही ग्रंथालय सांभाळा. सन्मानाने म्हणतील, शाल देऊन म्हणतील... आणि मग ती दिवसभर पुस्तकांना नंबर घालत बसणार, आणि तिच्या वर्गात शिकवायला ती यंदाच लागलेली कालची पोर येणार, जिला स्वतःलाच त्या भाषेत साधे आभार मानता येत नाहीत.

सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या. शाळेच्या आरोग्य-खोलीची नर्स, पन्नाशीची, बुटकी, हातात घड्याळ उलटं घालणारी. कानतपासणीला शाळेतला सगळ्यात शांत वर्ग हवा, म्हणून हा वर्ग. टेबलावर डब्याएवढं खोकं, खोक्याला लांब वायरीचे हेडफोन. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, इतकं सोपं. आणि मग, आठवीची चौतीस मुलं शहाण्यासारखी बसलेली असताना, सिस्टर म्हणाल्या, आधी तुमच्या बाई करून दाखवतील.

नाही म्हणायला एक क्षण असतो, तो गेला. ती खुर्चीत बसली. उजव्या कानाचं बरं चाललं, निम्मे तरी आवाज आले. मग सिस्टरांनी बाजू बदलली आणि डावीकडे ती ओळखीची शिट्टी तेवढी उरली. आणि त्याच वेळी तिला दिसलं, बटण दाबताना सिस्टरांचं कोपर किंचित उचललं जातं. कोपर वर, बोट वर. कोपर वर, बोट वर. पंचवीस वर्षं तिने परीक्षेतल्या कॉप्या पकडल्या होत्या, पट्टीवर लिहिलेल्या, मनगटावर लिहिलेल्या, एका महाभागाने तर बुटाच्या तळव्यावर लिहिलेली, आणि आज ती भर वर्गात एका नर्सच्या कोपरावरून कॉपी करत होती... छान जमत होती. इतकी छान की सिस्टरांनी कपाळावरची बट मागे सारायला कोपर उचललं, तेव्हाही तिचं बोट वर गेलं.

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. अर्धाच क्षण. मग हेडफोन उतरवत मुलांना म्हणाल्या, हे असं करायचं, कळलं ना?

खोक्यावर एक हिरवा दिवा होता, बटण दाबलं की लागणारा, आणि तो मुलांच्या बाजूला होता. हे तिला खुर्चीतून उठल्यावर दिसलं. म्हणजे चौतीस जणांनी पाहिलं होतं, दिवा लागला नाही आणि बाईंनी बोट वर केलं. आठवीची मुलं ती, खडू मोडला तरी हसतात. कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या नखांकडे, वह्यांकडे, त्या तक्त्यावरच्या माणसाकडे बघत होते. इतका सभ्यपणा तिने त्यांना कधीच शिकवला नव्हता.

मुलांची तपासणी संपायला दोन तास लागले. खोकं बांधताना सिस्टर तिच्या जवळ आल्या, उजव्या बाजूनेच, त्याही उजव्या बाजूनेच, आणि आता सांगणार, आता बोलणार असं तिला वाटलं; पण सिस्टरांनी दुसरंच काढलं. ती कुजबुज आहे ना तुमच्या वर्गातली, त्या म्हणाल्या, ती दर शुक्रवारी माझ्याकडे येते, औषधांच्या पेट्या लावते, लहान मुलांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधते. तिला पुढच्या वर्षी रुग्णसेवेच्या तुकडीत जायचंय आणि तुमची तोंडी अडवते म्हणे. "मला नवल वाटतं हो. माझ्याशी त्या भाषेत घडाघडा बोलते. हळू बोलते, पण बोलते."

कुजबुज हे नाव मुलांनी ठेवलेलं. सडपातळ, तिसऱ्या बाकावरची, बोलताना तोंडापुढे तळवा धरण्याची खोड असलेली. ओठ दिसत नाहीत, आवाज पोहोचत नाही. तिच्या बाबतीत पद्धतही हात टेकते.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीत बसू शकली नाही. गणितवाले सर काहीतरी सांगत होते, चार माणसं हसली तेव्हा तीही हसली, अर्धा ठोका उशिरा, आणि उठून कपाटाशी गेली. कपाटात मागच्या परीक्षेच्या मार्कांचा तक्ता होता. तो काढायची गरज नव्हती. कुजबुजचा आकडा पाठ होता. पंचवीसपैकी आठ.

आठच का? हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं, आणि आता उभ्या उभ्या उत्तर आपोआप येत गेलं, इतकं मुद्देसूद की तिला स्वतःचीच किळस आली. दहाला पास. नऊ दिले की पालक येतात, एका मार्कासाठी काय अडवता म्हणून. सात दिले की मुख्याध्यापिका विचारतात, इतके कमी कसे, जरा पुन्हा ऐकून बघा. आठावर कोणी येत नाही. आठ म्हणजे पोर कच्चं आहे, पण प्रयत्न करतंय. तिने आठ मोजले नव्हते, निवडले होते. ज्याचं बोलणं समजत नाही त्याला आठ. असे किती आठ आहेत या तक्त्यात? तिने बोट फिरवायला सुरुवात केली आणि चौथ्या आठाला थांबली, कपाट लावलं, पुन्हा उघडलं, तक्ता उलटा ठेवला, पुन्हा लावलं. मुलं लाजरी असतात, मी काय करू, मोठ्याने बोला म्हणून मी रोज सांगते, रोज घसा फोडते मी... घसा तुझा चांगलाच आहे गं बाई, घशाबद्दल कोण काय म्हणतंय.

दुपारी दार लावून एकेक मूल आत यायचं. पाच प्रश्न तिने स्वतःच पाठ करून घेतलेले, तेही क्रमाने. काय होतंय? कधीपासून? ताप आहे का? जेवण जातं का? झोप लागते का? तिची उत्तरंही त्याच क्रमाने ठरलेली: डोकं दुखतं, दोन दिवसांपासून, ताप नाही, जेवण जातं, झोप लागत नाही. त्यामुळे ऐकण्याची फारशी गरज पडायची नाही. मूल थांबलं की आपण बोलायचं. पेशंट म्हणून ती उत्तम होती, गेली दोन वर्षं दर परीक्षेला तेच डोकं दुखत होतं. सोळा मुलं अशी पार पडली. सतरावी कुजबुज.

मुलगी समोरच्या खुर्चीत बसली. तळवा तोंडापुढे गेला, तळव्यामागे काहीतरी हललं, थांबलं.

"डोकं दुखतं," ती त्या भाषेत म्हणाली.

पुन्हा हललं. थांबलं.

"दोन दिवसांपासून."

मुलगी पुढचा प्रश्न विचारेना. तिने तळवा खाली घेतला आणि बाईंकडे बघितलं; त्या बघण्यात आपलं काही चुकलं का असं विचारणारं पोर नव्हतं. काहीतरी वेगळंच विचारलं असणार हिने. क्रम सोडून. नाव विचारलं असेल, वय विचारलं असेल, खरे डॉक्टर विचारतात तसं, आणि मी म्हणाले दोन दिवसांपासून. आता काय करायचं... छान म्हणून टाकावं, पुढे चला म्हणावं. पेन मार्कांच्या चौकोनाशी जाऊन टेकलं. हातात आठ तयार होता, सवयीचा, गोल, कुणालाही न दुखावणारा. तिने पेन तिथेच दाबून धरलं आणि कागदावर निळा ठिपका पसरत गेला.

कुजबुज उठली. तिने खुर्ची उचलली—ओढली नाही, उचलली, दवाखान्यात उचलतात तशी—टेबलाला वळसा घालून बाईंच्या उजव्या हाताला आणून ठेवली आणि बसली. इतकी जवळ की तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. सगळ्या वर्गाला बाजूसुद्धा माहीत आहे तर. किती दिवसांपासून? कोणी ठरवलं, काय बोलले असतील आपापसात? पहिल्या बाकावरच्या उजव्या जागेसाठी वर्षाच्या सुरुवातीला मारामारी होते, ती हुशार मुलांची चढाओढ समजून ती मनातून सुखावायची.

मुलगी कानाशी वाकली. आवाज बारीकच होता, पण कोरडा, स्पष्ट, कुठेही न अडखळणारा. त्या भाषेत आणि त्या भाषेतल्या अदबीने, पेशंटशी कसं बोलावं म्हणून बाईंनीच फळ्यावर लिहून दिलं होतं त्या अदबीने मुलीने विचारलं:

"तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही?"

बाहेर पॅसेजमध्ये अठरावा उभा असेल. उत्तर क्रमात नव्हतं. गंमत म्हणजे लाज वाटेल असं वाटलं होतं, ती कुठे आलीच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी बाजू बदलून, रेंजचं नाव घेऊन, बट मागे सारून नाही, तर सरळ प्रश्न म्हणून हा प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न विचारला की पेशंटने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं असतं.

"मला चार वर्षांपासून ऐकू येत नाही," ती त्या भाषेत म्हणाली. मुलगी वाट बघत राहिली. हे तर सगळ्यांना माहीतच होतं, मुलांना, सिस्टरांना, पलंगाची बाजू बदलणाऱ्याला. हे सांगून तिने कोणाला काय नवीन सांगितलं होतं? दुसरं एक होतं जे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते बोलायला लागल्यावर ती भाषा पुरेना, अर्ध्यावर सुटून गेली.

"मागच्या परीक्षेत तू जे बोललीस ना, त्यातला एकही शब्द मी ऐकला नव्हता. चूक की बरोबर मला माहीतच नाही. आठ मार्क मी माझ्या मनाने दिले."

सवयीने तिची नजर मुलीच्या ओठांकडे गेली.