दहा इंचाचे दोन

"काका, तुमचा हा अठरा इंची डब्बा चांगला आहे, का नुसता मोठा आहे?"

विचारलं! चंपतरावांच्या साऊंडच्या दुकानात चार-पाच माणसं चहा पीत बसलेली असताना मी हे खरंच विचारलं. माझ्या मैत्रिणी हर्षाली आणि मयूरी बाहेर सायकलींच्या आड तोंडावर ओढणी धरून हसत होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. आमच्या इचोडा गावात लग्न असो की देवीची मिरवणूक, चंपतरावांच्या स्पीकरच्या डब्ब्यांशिवाय काही हलत नाही, आणि त्या डब्ब्यांना नाव ठेवायची कोणाची छाती नाही. मागच्या वर्षीची मी असते तर पायरीवरूनच परत फिरले असते.

चंपतरावांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"कोणाची पोरगी वं तू?"

"सुरेंद्र किराणावाल्यांची. भाग्यलक्ष्मी. दहावीत आहे. बेस गिटार वाजवते मी."

"गिटार समजली. हे बेस काय असते?"

"चारच तारा असतात, पण जाड. गाण्याच्या खालून जो आवाज चालते ना काका, तो."

"मंग तुले पाहिजे काय?"

मला काय पाहिजे होतं? मला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं.

मागच्या गॅदरिंगला मी पहिल्यांदा स्टेजवर वाजवलं. मयूरी गायली, हर्षालीनं कीबोर्ड वाजवला, आणि माझी गिटार शाळेच्या सूचना द्यायच्या भोंग्याला जोडली. त्या भोंग्यातून हेडमास्तरांचा खोकला छान ऐकू येतो, पण जाड तार अजिबात नाही. बाबा शेवटच्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "भाग्या, तू नुसती धरून उभी होती का वं?" चिडवायला नाही, खरंच विचारलं त्यांनी. म्हणून तर जास्त लागलं.

यंदा दहावी, म्हणून बाबांनी सरळ सांगून टाकलं. "मी पुन्हा मागंच बसतो. ऐकू आली तर राहू दे तुही गिटार. नाही आली तर परीक्षा होईपर्यंत माळ्यावर." आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही. माझा कॅरम बोर्ड तिसरीपासून तिथंच आहे.

गॅदरिंगला दहा दिवस राहिले होते. हे सगळं मी चंपतरावांना एका दमात सांगितलं. ते बशी खाली ठेवत म्हणाले, "उद्या गिटार घेऊन ये. मोठा का चांगला, पाहूच."

दुसऱ्या दिवशी शाळेचा जुना अँप्लिफायर आणि गिटार घेऊन आम्ही तिघी हजर. चंपतरावांची स्पीकर पारखायची रीत अशी, की डब्ब्यावर पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचा. पाणी नाचलं की स्पीकर पास. अठरा इंचीवर मी वाजवायला लागले आणि पाणी नाचलं, ग्लास चालत चालत कडेला गेला आणि खाली पडला. समोरच्या टपरीचा पत्रासुद्धा थरथरला.

"पाह्यलं?" चंपतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

"पाह्यलं काका. पण मी कोणतं गाणं वाजवलं?"

एकटी मयूरी खुदकन हसली. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं. चारी तारांचा मिळून एकच आवाज येत होता, घुम्म. लग्नात नाचायला तो बरा, पण माझे सूर त्यात गुळाच्या पाकासारखे एकात एक मिसळून गेले होते.

मग मी माझी रीत काढली. नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा हायवे दुकानासमोरूनच जातो. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या ढाब्याजवळ दुकानाकडे पाठ करून उभी राहिले. हर्षाली कोणतीही एक तार छेडणार, मी कोणती ते तळहातावर पेननं लिहिणार. प्रत्येक डब्ब्याला दहा वेळा.

अठरा इंचीचे बरोबर आले तीन. पंधरा इंचीचे सहा. त्याचा आवाज खोल होता, पण आळशी. तार छेडल्यावर उठून, आळस देऊन, मग बाहेर यायचा. मग चंपतरावांनी कोपऱ्यातून दहा इंचाचे दोन स्पीकर ओढून काढले. एका मोडक्या डब्ब्यातून निघालेले, धुळीनं पांढरे झालेले.

"याइले कोणी विचारत नाही," ते म्हणाले.

दहापैकी नऊ! दहाव्या वेळी ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, ती माझी चूक नाही. एकेक सूर हातात मोजून दिल्यासारखा येत होता. मी तळहात वर करून रस्त्याच्या पलीकडूनच ओरडले, आणि ढाब्यावरची माणसं उठून पाहायला लागली.

चंपतरावही रंगात आले. "दोन एवढे वाजून राह्यले, तर चार लावू ना!"

"नाही काका! एकेक आठ ओहमचा आहे. दोन असे समांतर जोडले की रोध चार ओहम होतो. चार जोडले तर दोनच उरतील. अँपच्या मागं वाचा, चारपेक्षा कमी चालत नाही. जळून जाईल."

त्यांनी चष्मा लावून अँपची मागची बाजू वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. "कुठं शिकली हे?"

"दहावीच्या पुस्तकात आहे. विद्युत."

"माह्या पोट्ट्यानंही दहावी केली," ते पुटपुटले, आणि दुकानात हसू फुटलं.

प्लायवूड त्यांनीच कापलं. समोर दोन स्पीकर, खाली हवेसाठी गोल भोक. "आत काही मऊ भरा लागते, नाही तं लाकूड घुमते," असं ते म्हणताच मी म्हटलं, "ते माह्यावर सोडा." आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मऊ म्हटलं की दुसरं काय आठवणार? मामाच्या घरून वेचलेल्या कापसाची गोणी आणली आणि डब्ब्यात ठासून भरली.

गॅदरिंग दोन दिवसांवर आलं आणि डब्बा खरखरायला लागला. सगळ्यात जाड तार छेडली की खर्रर्र.

चंपतरावांनी कान लावला, मान हलवली. "स्पीकर फाटला. जाऊ दे पोरी, अठराच घेऊन जाय."

माझ्या डोळ्यांसमोर माळा आला. कॅरमशेजारी गिटार. डोळे भरून आले, पण मी वाजवणं थांबवलं नाही, कारण फाटलेला स्पीकर सगळ्याच सुरांवर खरखरला असता आणि हा एकाच तारेवर रडत होता. मी तीच तार पुन्हा छेडली, जोरात. आणखी जोरात.

टप्!

हवेच्या भोकातून काहीतरी उडालं आणि थेट चंपतरावांच्या बशीत पडलं. त्यांनी ते चिमटीत धरून वर उचललं. सरकी होती. कापसाचं बी! आत खरखरत होतं ते हेच.

घरी सांगितलं तर आई हसून हसून भिंतीला टेकली. "अगं येडे, देवाच्या वातीचा कापूसही आमी सरकी काढून घेतो. अन् तू गोणीच कोंबली!" मग पदर खोचून उठली, मला घेऊन फकिरा गादीवाल्यांकडे गेली, पिंजलेला कापूस घेतला आणि मलमलच्या तुकड्यात भरून उशीसारखा शिवून दिला, म्हणजे तंतू स्पीकरवर जाणार नाहीत. डब्बा रिकामा केला तर तळाशी ओंजळभर सरकी निघाली. ती शेजारच्यांच्या म्हशीला गेली.

गॅदरिंगच्या दुपारी मयूरी गायला लागली आणि मी जाड तार छेडली. आवाज माझ्याच पायांखालून निघाला, पहिल्या रांगेतल्या लहान पोरांच्या डोक्यांवरून गेला आणि मागच्या भिंतीला जाऊन भिडला. खर्र नाही, घुम्म नाही, सूर! हर्षालीनं कीबोर्डवरून माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. कार्यक्रम संपल्यावर चंपतराव स्टेजजवळ आले. म्हणाले, "डब्बा तुहाच. अन् रविवारी दुकानात येत जाय. डब्बे वाजवणारे माह्याजवळ लय आहेत, ऐकणारं कोणी नाही."

घरी आलो. बाबा अंगणात पाय धुता धुता गुणगुणत होते, "डुम्, डुम्, ड-डुम्, डुम्..."

ही मयूरीची चाल नव्हती. ही माझी होती! गाण्याच्या खालून चालणारी!

"काय गुणगुणून राह्यले बाबा?"

"काय की बाई. तवापासून डोक्यात बसलं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी दोघांना ओसरीवर बसवलं आणि समोर उभी राहिले.

"गिटार माळ्यावर जाणार नाही. अन् दर रविवारी सकाळी दोन तास मी चंपतराव काकांच्या दुकानात जाणार, डब्बे ऐकायला. अभ्यास शनिवारीच उरकून ठेवीन. मी विचारून नाही राह्यली. सांगून राह्यली."