पंख्याची दहा मिनिटं

थोरलीने ग्रिलचं झाकण उघडलं ते एखाद्याची गचांडी धरावी तसं. बारा वाजता भंगारवाला येणार होता. बाबांनी त्याला सकाळीच निरोप धाडला होता आणि थोरलीला सांगितलं ते नंतर, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, जणू मोडकं स्टूल द्यायचं आहे.

कोपऱ्यावरच्या त्यांच्या खानावळीच्या मागच्या अंगणात हे ग्रिल आलं ते थोरलीच्या हट्टाने. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्यांवर ते चालायचं. बाजूच्या डब्यात कांड्या ओतायच्या, नळीतला पिळाचा दांडा त्या हळूहळू पुढे ढकलतो, टोकाच्या लोखंडी वाटीत त्या जळतात, खालून पंखा वारा घालतो. कोंबडी, मासे, कणसं, सगळं त्यावरच. गिऱ्हाईक वाढलं ते त्याच धुराच्या वासाने. ते गेलं की थोरली पुन्हा पुढच्या खोलीत पार्सलच्या पुड्या बांधायला बसणार, हे बाबांनी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

काल सकाळी धाकटीने ग्रिल सुरू केलं. पिवळट, दाट धूर निघाला, पण आच काही लागेना. बघावं म्हणून तिने झाकण उचललं आणि धाडकन आवाज होऊन जाळ अंगावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला, एक भुवई गेली. दवाखान्याच्या दारात, चार लोकांदेखत, बाबांनी थोरलीवर खापर फोडलं. म्हणाले, हिला राख काढायचा कंटाळा, आग कोणाचे लाड करत नाही. थोरलीने तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही, कारण आत धाकटी कण्हत होती.

राख काढायचा कंटाळा! तिने जाळ्या उचलल्या, मधला पत्रा उचलला. तेल गळायच्या ताटावरचा फॉइल परवाच बदललेला, अजून चकचकीत. ग्रिलच्या तळाशी चमचाभर राख नव्हती. मग झालं काय?

खरं तर दोन आठवडे यंत्र कुरकुरतच होतं. पेटायला वेळ लावी, आच मध्येच चढे, मध्येच बसे. तापमान मोजणारी सळई काजळली असेल म्हणून तिने ती पुसून लख्ख केली. आग पेटवणारी विजेची कांडी क्षीण झाली असेल म्हणून नवी बसवली. डब्यातल्या कांड्या चाळून भुकटी काढली. आणि शेवटी कांड्या पुरवणाऱ्या माणसाला फोनवर फैलावर घेतलं, की दमट माल गळ्यात मारतोस. बिचाऱ्याने मुकाट्याने दोन पोती बदलून दिली. त्याने परत नेलेली पोती कोरडी ठणठणीत असणार, हे आता तिला उगाचच वाटायला लागलं, आणि त्याने ती आणखीच चिडली.

तिने खालच्या वाटीत हात घातला. वाटी काठोकाठ भरलेली. वरच्या कांड्या काळ्या, खालच्या अर्धवट जळक्या. अशा गच्च वाटीत कांड्या नीट जळत नाहीत, नुसता धूर कोंडतो, आणि झाकण उघडून हवा लागली की तो भडकतो. चार स्क्रू सोडले, मोटरजवळची पिन काढली आणि पिळाचा दांडा ओढला. तो हलेना. हातोडीचे दोन ठोके घातले, तिसरा जरा जास्तच जोरात, तेव्हा दांडा सुटला आणि नळीतून कोळसा घरंगळला.

कोळसा वाटीत असावा. नळीत नाही. इथे तर वीतभर आतपर्यंत कांड्यांचा कोळसा झाला होता. म्हणजे आग उलटी चालली होती, वाटीतून नळीत, नळीतून डब्याकडे. आणखी थोडी सरकती तर अख्खा डबा पेटला असता, आणि डब्याच्या वर खानावळीचं लाकडी छप्पर.

आग मागे कधी सरकते? वाटीत निखारे असताना पंखा थांबला तर. बंद करायचं बटण फिरवलं की पंखा आणखी दहा मिनिटं आपला आपण फिरतो, वाटीतलं उरलंसुरलं जाळून टाकतो, मगच थांबतो. थोरली रोज बटण फिरवून दुसऱ्या दिवसाच्या माशांसाठी बाजारात जायची. मागे दुकान बंद करायचे बाबा. गुडघ्याचं प्लास्टर निघाल्यापासून, म्हणजे बरोबर दोन आठवडे.

आणि बाबा म्हणजे वायरमन. अख्खा रस्ता त्यांना त्याच नावाने ओळखायचा. घर असो की दुकान, बाहेर पडताना मेन स्विच पाडायचा, हा त्यांचा नेम. लेकींना चालायला शिकवायच्या आधी त्यांनी तो शिकवला असेल. आणि मेन पडला की पंखाही तिथल्या तिथे थांबणार.

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते थोरलीला त्या क्षणी कळलं. ओंजळभर कोळसा घेऊन ती पुढच्या खोलीत गेली. बाबा मिक्सरचा प्लग उघडून बसले होते. धाकटी एका हाताने पेले पुसत होती.

"परवा निघताना मेन पाडलात?"

"रोज पाडतो. चाळीस वर्षं पाडतोय. म्हणून आजवर माझ्या हातून एक ठिणगी उडालेली नाही."

तिने ओंजळ त्यांच्यापुढच्या वर्तमानपत्रावर उलटी केली.

"ही बघा, उडालेली."

मग शब्दाने शब्द वाढला. बंद केलेल्या वस्तूला वीज कशाला लागते, असं ते म्हणाले. तिने पंख्याचं सांगितलं. पुस्तकं वाचून कोणी वायरमन होत नाही, असं त्यांनी सुनावलं. ग्रिल आलं त्याच दिवशी हे तुम्हाला सांगितलं होतं, ती म्हणाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, प्रवचन गिऱ्हाइकांना दे. धाकटी मूग गिळून पेले पुसत राहिली. या घरात बाबांपुढे सगळे तेच करायचे.

बोलता बोलता बाबांनी एक कोळसा उचलला. चिमटीत मोडला, नाकाशी नेला. जळक्या तारेचा तुकडा हुंगून आग कुठून लागली ते सांगणारा हा माणूस. मोडलेला तुकडा त्यांनी पुन्हा कागदावर ठेवला, अगदी हलक्या हाताने.

बाहेर हातगाडी थांबली. भंगारवाल्याने हाक दिली.

बाबा उठून दारात गेले. थोरलीला ते ऐकू आलं: "माझी चूक झाली रे, तुला उगाच बोलावलं. नाही द्यायचं ते." भंगारवाला काहीतरी पुटपुटत गाडी वळवून गेला.

थोरलीचा राग उतरायला हवा होता. ग्रिल वाचलं होतं, तिचं काम वाचलं होतं. पण तिचं डोकं उलट जास्तच तापलं. चूक झाली म्हणे, आणि ती कुणाला सांगितली, तर भंगारवाल्याला!

"त्याचा हात भाजलाय का, बाबा?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असा होता. "मला काही सांगू नका. तिला सांगा. आणि उद्यापासून दुकानात या, रोज या, पण मेनच्या बोर्डाला हात लावायचा नाही."

बाबा धाकटीसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "दुखतं का गं?"

धाकटी एरवी त्यांना कधीच हो म्हणाली नसती. तापाने फणफणलेली असली तरी, काही नाही बाबा, असं म्हणायची. तिने पेला खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतं."

थोरली मागे अंगणात गेली आणि पिळाचा दांडा घासायला बसली.