धरणावरून केलेला फोन

रविवारी सकाळी सहा वाजता भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी ओल्या चिखलात तंबूची एक लोखंडी खुंटी उभी होती. आदल्या संध्याकाळी आप्पासाहेबांनी ती पाण्याच्या अगदी कडेला रोवली होती. आता पाणी तिच्यापासून दोन पावलं मागे गेलं होतं.

आप्पासाहेब श्रीरामपूरच्या बाजूचे. या धरणाचं पाणी प्रवरा नदीने, मग कालव्याने आणि शेवटी मातीच्या चारीने त्यांच्या शेतापर्यंत पोचतं. चारीवरचं त्यांचं शेत सगळ्यात शेवटचं. आयुष्यभर त्यांनी या पाण्याची वाट पाहिली, पण ते निघतं कुठून हे कधी पाहिलं नव्हतं. संगमनेरच्या कॉलेजात नोकरीला असलेली त्यांची मुलगी आरती त्यांना आणि आईला, रंगुबाईंना, शनिवारी गाडीत घालून इथे घेऊन आली. पाण्याकाठी तंबूत एक रात्र, सकाळी नावेतून चक्कर आणि परत, असा बेत होता.

शनिवारची संध्याकाळ ठीक गेली. शेजारच्या तंबूंतली पुण्याची मंडळी गाणी लावून बसली होती. रंगुबाईंना तंबूत वाकून शिरणं जमेना, तेव्हा त्या म्हणाल्या की ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोपीचं दार यापेक्षा उंच असतं. आप्पासाहेब जेवणानंतर बराच वेळ पाण्याकडे तोंड करून बसले. उठताना त्यांनी तंबूवाल्याकडून जास्तीची खुंटी मागून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.

एप्रिल अर्धा सरला होता. उन्हाळ्यातलं पाणी कालव्याला कधी सुटणार, याची तारीख लागलेली नव्हती. आप्पासाहेबांचा दोन एकर ऊस उभा होता आणि विहिरीने तळ गाठला होता. पाणी सुटलं की पहिली पाळी चारीच्या शेवटच्या शेताची, मग त्याच्या वरच्याची, असा नियम. पण पाणी आलं तेव्हा शेतावर माणूस नसला, तर पाळी वरच्याला जाते. वरचं शेत अजिनाथचं. जानेवारीत अजिनाथने त्यांची पाळी संपायच्या आत आपल्या बांधावरची पाणी अडवायची फळी उचलून पाणी आपल्याकडे वळवलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

खुंटी पाहिल्यावर आप्पासाहेबांनी तिथेच उभं राहून अजिनाथला फोन लावला.

"पानी सुटलंय," ते म्हणाले. "मी घरी न्हाई. माझी पाळी तू घे, माझ्या उसाला लाव. मग तुझं."



"तुमी हाय कुठं आप्पा?"

"धरनावर."

"म्हंजे तुमीच सोडायला गेल्ता व्हय," अजिनाथ म्हणाला. मग त्याने विचारलं, की चारीत कमरेएवढं गवत आहे, पाणी शेवटापर्यंत जाणार कसं. साफ करावी लागेल, असं आप्पासाहेब म्हणाले. अजिनाथने बरं म्हणून फोन ठेवला. तीन महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

पोह्यांच्या वेळी तंबूवाला गोरक्षनाथ माणसं घेऊन आला आणि पुढच्या रांगेतले रिकामे तंबू उपटू लागला. पाहुण्यांना पाणी दारात लागतं, म्हणून उन्हाळाभर तो पाण्यामागे तंबू खाली नेत असे. कालव्याला पाणी सुटलं ना, असं आप्पासाहेबांनी त्याला विचारलं.

"कालव्याचं मला ठाव न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. "हितलं पानी इजेसाठी सोडत्यात. ते खाली निळवंड्याच्या धरनात जाऊन बसतं. तितनं पुढं कवा सोडायचं, ते त्यांचं त्ये."

हे आप्पासाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. मधे दुसरं धरण आहे हे तालुक्यातलं पोरही सांगेल. पण डोळ्यांसमोर पाणी हलताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आरतीने लगेच अजिनाथला फोन करून हे कळवायला सांगितलं. आप्पासाहेबांनी करतो म्हटलं आणि पोहे संपवले. दहा वाजता अजिनाथचाच फोन आला. अकरा माणसं फावडी घेऊन चारीत उतरली आहेत, वरच्या आळीतल्या एकाने जेसीबी दिला आहे, असं त्याने सांगितलं. मागून माणसांचे आवाज येत होते. आप्पासाहेबांनी विचारलं, कुठवर आली. निम्म्यावर, अजिनाथ म्हणाला. आप्पासाहेब बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

"सांगितलं न्हाई तुमी," रंगुबाई म्हणाल्या.

"चारी साफ व्हतीय. आता सांगितलं तर निम्म्यावर सोडतील."

"आन पानी न्हाई आलं तर? आता कुठं बोलाया लागलाय त्यो. त्याला वाटंल, जानेवारीचा दावा साधला."

 नावेतून चक्कर मारायला त्या दोघी गेल्या. ते काठावर खुंटीजवळ थांबले. पाणी आणखी सरकलं होतं, पण आता त्यांनी ते मोजलं नाही.

दुपारी जेवून तिघं निघाली. वाटेत आरतीने ओळखीतल्या दोघांना फोन करून पाण्याचं विचारलं. सोमवारी बैठक आहे असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने ऐकलं होतं की निळवंड्यातून सकाळीच थोडं सोडलं, पण ते पिण्याचं की शेतीचं हे त्याला सांगता येईना.

पाच वाजता अजिनाथचा पुन्हा फोन आला. चारी आप्पासाहेबांच्या बांधापर्यंत मोकळी झाली होती. तिचा तळ दिसला त्याला किती वर्षं झाली हे कोणाला आठवत नव्हतं.

"मी हितंच बसतो रातभर," अजिनाथ म्हणाला. "दुसऱ्या कुनी फळी उचलाया नको. पानी कुठवर आलंय आप्पा?"

"बघून सांगतो," आप्पासाहेब म्हणाले.

संगमनेरला प्रवरेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. निळवंड्यातून पाणी सुटलं असेल, तर ते इथूनच पुढे कालव्याकडे जाणार. खाली पात्रात पाणी होतं, पण ते बंधाऱ्याचं साठलेलंही असू शकत होतं. पाण्यावर जेवणाची एक पत्रावळ तरंगत होती. आप्पासाहेब कठड्याला धरून तिच्याकडे पाहत राहिले. फोन त्यांच्या हातात होता. मागून गाड्या हॉर्न देत होत्या.

पत्रावळ सावकाश पूर्वेकडे, उताराच्या दिशेने सरकत होती. वाराही पश्चिमेकडून, त्याच दिशेने वाहत होता.