राजवर्धनच्या उशिराचा लौकिक

राजवर्धनला जे दुखणं होतं, त्याला तासगावकडचे पुरुष दुखणं म्हणायलाच तयार नव्हते. बायकोजवळ गेल्यावर त्याचं वीर्यपतन लवकर होईना. कधी कधी तर होईचना. तो घामाघूम, शिवांजली थकलेली, आणि शेवटी दोघं दोन भिंतींकडं तोंड करून झोपलेली. ती हळूहळू बोलेनाशी झाली. परवा तर म्हणाली, "औंधला माहेरी जाऊन येते. माघारी यायचं ते बघीन." त्या 'बघीन'नंतर राजवर्धननं ठरवलं, आता कुणाला तरी विचारायचंच.

शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. ह्यानं नाथाजी नावाचा मित्र गाठला. स्वतःच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर द्राक्षं पसरता पसरता हळूच सगळं सांगितलं. नाथाजीचे हात थांबले.

"गड्या, ह्येला आजार म्हणतोस? आरं, वरदान हाय ह्ये! काय खातोस त्ये सांग."

इथं खरं बोलायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी राजवर्धनकडं असं डोळे मोठे करून बघत होतं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. समोर जे होतं त्याकडं बोट करून म्हणाला, "काळं बेदाणं. दुधात भिजवून."

नाथाजीच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवड्याभरात शेडवर गर्दी. द्राक्षबागायतदार आले, रिटायर फौजी आले. सत्तरीचे लालासाहेबसुद्धा "नातवाला खोकला हाय" म्हणून पिशवी भरून घेऊन गेले. माल सांगलीच्या सौद्याला न जाता गावातच खपला आणि राजवर्धन मिशीला पीळ देत हिंडू लागला.

मग बचत गटाच्या बैठकीत नाथाजीची बायको समीक्षा शिवांजलीला कोपरानं ढोसून म्हणाली, "लय नशीबवान हाईस बाई!" आणि बेदाण्याची सगळी हकिकत हसत हसत सांगितली. शिवांजली तशीच उठली ती थेट शेडवर आली.

"आवं, साऱ्या गावाला सांगितलंत, आन मला न्हाई? वरीस झालं, मला वाटतंय मीच तुमास्नी आवडत न्हाई. आरशासमोर बसून रडतीया मी!"

राजवर्धननं हातातली पिशवी खाली ठेवली. "लय आवडतीस गं. शरीरच ऐकत न्हाई. तुला कळलं तर जाशील, म्हणून गप बसलो." त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं सांगलीला गेली. डॉक्टर कीर्ती मॅडमनी आडपडदा न ठेवता सगळं विचारलं. गेल्या वर्षीच्या गारपिटीनंतर राजवर्धनचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली होती.

"त्या गोळीनंही असं होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "विलंबित वीर्यपतन म्हणतात याला. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि बढाई मारण्यासारखं तर मुळीच नाही. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. त्या डॉक्टरांशी बोलून बदलता येते का बघू, काही तपासण्या करू. वेळ लागेल. तोवर एकमेकांशी बोला."

"म्हंजी माझ्यात खोट न्हाई?" शिवांजलीनं विचारलं.

"अजिबात नाही."

ती बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिली. परतताना माणसं बसलेल्या गावातल्या कट्ट्यापाशी तिनं मोटरसायकल थांबवायला लावली. "जावा, बेदाण्याचं खरं काय त्ये सांगा. मग मी औंधला जाऊन चार दिसांत माघारी येते."

राजवर्धनला जायचं नव्हतं. पण गेला. "गड्यांनो, बेदाण्यात काय बी न्हाई. मला आजार हाय. औषधपाणी चालू केलंय."

एक जण हसला. बाकीचे हसेनात, तेव्हा तोही गप झाला. राजवर्धन गाडीपाशी आला, तर मागनं नाथाजी इकडंतिकडं बघत हजर.

"त्या डॉक्टरचा नंबर दे की रं," तो पुटपुटला. "माजं उलटं हाय. सुरू हुतंय न हुतंय तवर संपतंय."

राजवर्धन खिशात मोबाईल शोधू लागला. मागच्या सीटवरून शिवांजलीनंच नंबर सांगितला.

"आन जाताना समीक्षाताईस्नी संगट न्या, भावजी," ती म्हणाली.