पाच फोटोंचं नाटक

वाळूजच्या कारखान्यांची धुराडी मागं पडली की गंगापूरच्या रस्त्याला एक वस्ती लागते. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक काकासाहेब यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकही उपक्रम चुकवला नव्हता आणि एकही केला नव्हता. वरून परिपत्रक आलं की पाच फोटो आणि एक अहवाल धाडून मोकळं व्हायचं, हे त्यांचं तंत्र. अहवाल वर्षानुवर्षं एकच होता. 'विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव मिळाला' हे वाक्य वृक्षारोपणाला चालायचं, तसंच हात धुण्याच्या दिवसालाही. एवढा वाव मिळूनही गुण अजून झोपलेलेच कसे, हे वर कुणी विचारलं नाही.

यंदाचं परिपत्रक होतं 'नाटकातून सर्जनशीलता आणि व्यक्तिमत्त्व विकास'. काकासाहेबांनी ते मधल्या सुट्टीत उरकलं. एका पोराला सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, हा पहिला फोटो. दोघांच्या हातांत फुटपट्ट्या देऊन लढाई लावली, हा दुसरा. सातवीतली पुतळा नावाची पोरगी त्या दिवशी कोकरू घेऊनच शाळेत आली होती. घरची माणसं मेंढरं घेऊन रानात गेलेली आणि कोकरू आजारी. तिला कोकरासकट उभं केलं की तिसरा झाला. चौथ्यात काकासाहेबांनी स्वतःच हार घालून राजाच्या डोक्यावर हात ठेवला, कारण आपण नसलेला फोटो त्यांना अळणी लागायचा. शेवटी सगळ्यांनी रांगेत हात जोडले. नाटकाला नाव दिलं 'प्रकाशाकडे वाटचाल'. असलं नाव ठेवलं की आत काय आहे ते कुणी विचारत नाही, हा त्यांचा अनुभव.

घात झाला तो पुढं. नाटक जिल्ह्यासाठी निवडलं गेलं! आठ दिवसांनी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका सभागृहात ते करून दाखवायचं, आणि पाठवलेल्या फोटोंतला प्रत्येक प्रसंग मंचावर दिसलाच पाहिजे. काही शाळा नुसतेच फोटो पाठवतात असं जिल्ह्याच्या साहेबांच्या कानावर गेलं होतं म्हणे. काकासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. नाटकच नाही म्हणावं तर खोटा अहवाल अंगाशी येणार आणि जन्मभर जपलेली अब्रू चव्हाट्यावर.

"बाई, काहीतरी रचा," ते शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेला, द्वारकाबाईंना म्हणाले.

"मी काय रचू? फोटो तुमचे," बाई म्हणाल्या. "पोरांनाच विचारा की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. पोरांना विचारायचं, हे त्यांना सव्वीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. पोरांनी पाचही फोटो फरशीवर मांडले, खाली-वर केले, भांडली. मग पुतळा बोलली. ही पोरगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. काकासाहेबांनी तिच्या प्रगतिपुस्तकात दरसाल 'अबोल' एवढंच लिहिलेलं.

"सर, ह्यो राजा कुठला अन् ह्ये कोकरू तिथं कशापायी, काय बी जुळंना," ती म्हणाली. "मंग जे झालं त्येच दावू. सर येत्यात, पोरं हुबी करत्यात, फोटू काढत्यात अन् जात्यात. अन् पोरं इचारत्यात, नाटक कवा?"

पोरं खो खो हसली. काकासाहेबांचे कान तापले.

"अन् तुमी बी पायजे, सर. चौथ्या फोटूत हायेत न्हवं."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. नाटक केलं तर हसं, न केलं तर चौकशी. चौकशीपेक्षा हसं बरं म्हणून ते तालमीला उभे राहिले, आणि पुतळानं त्यांना असं राबवलं की बोलायची सोय नाही. "सर, हात उगंच हालवू नका," ती बजावायची, "खरे सर आसं करत नायत!" मुकुटवाला पोरगा रोज नवं भाषण रचून आणायचा. फुटपट्टीवाले का लढतात याला रोज नवं कारण सापडायचं. काकासाहेब बघत राहायचे. सुप्त गुण म्हणजे हे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

सभागृह भरलं. पहिल्या रांगेत परिपत्रकावर सही करणारे जिल्ह्याचे साहेब, आप्पासाहेब बसले होते. पहिल्या फोटोपासूनच माणसं हसायला लागली. शेवटी पुतळा कोकरू घेऊन पुढं आली.

"सर, फोटू निघाला. आता नाटक कवा?"

"नाटक झालं की! फोटो बघ," हे काकासाहेबांचं वाक्य. ते त्यांनी म्हटलं आणि सभागृह हसून कोसळलं. आता रांगेत जाऊन हात जोडायचे होते. पण पुतळा समोर उभी होती, आणि ते तिथंच थांबले.

"नाय झालं," ते म्हणाले. हे वाक्य नाटकात नव्हतं. "नाटक नव्हतंच. मी नुसते फोटो पाठवले. सव्वीस वर्षं खोटे अहवाल लिहिले. हे सगळं या पोरांनी आठ दिवसांत उभं केलं. मी काहीच केलं नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

आप्पासाहेब स्वतः मंचामागं आले. "काय अभिनय केलात, काकासाहेब! ते शेवटचं रडणं! मला तर घडीभर खरंच वाटलं."

"साहेब, ते खरंच होतं."

"घ्या! अजून भूमिकेतून बाहेर यायला तयार नाहीत," आप्पासाहेब शेजारच्यांना म्हणाले आणि पोट धरून हसले. पहिला नंबर त्यांनी तिथंच जाहीर केला.

परतीच्या जीपमध्ये पोरं दाटीवाटीनं बसली होती. सगळी आनंदात, एकटी पुतळा मान खाली घालून मांडीवरच्या कोकराला कुरवाळत होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमी लई खरं बोललात. पर त्यानला पटलंच नाय."

"कसं पटंल, पुतळा?" काकासाहेब म्हणाले. "माझ्या तोंडून खरं ऐकायची त्यांना सवय कुठं हाय?"