हरकत

"रितेश, जायच्या आदी मृत्युपत्र करून जा," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या आणि त्याच्या भातावर कुळथाची पिठी वाढली.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. रितेशची सुट्टी संपत आली होती. या वेळी त्याची पलटण वर, बर्फात जाणार होती. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. रितेशचे चुलते आप्पा शेजारीच राहायचे. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांचाही अडकित्ता थांबला.

"वैनी, पोरगा जेवायला बसलाय. असा अभद्र बोलतात काय?"

"जेवान झाला की तो उटून जातो कुटंतरी. म्हनून आताच बोलते."

रितेश हसला. "आये, पुढच्या सुट्टीत बघू. सगळं नीट करू."

"तुझा बापूस पन असाच म्हनाला होता," आई म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. त्यांनी पिठीचं पातेलं खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या.

माझे सासरेही फौजेतच होते. रितेश चार वर्षांचा असताना पहाडात त्यांची गाडी दरीत गेली. लग्नाआधी पलटणीच्या कागदांवर त्यांनी वारस म्हणून स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं होतं, ते बदलायचं राहून गेलं होतं. घर त्या वडिलांचं, जमीनही त्यांचीच. तेवीस वर्षांच्या गोदाला, म्हणजे आईंना, त्या घरात कोणी मारलं नाही, हाकललंही नाही. फक्त प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागली. पोराची चप्पलसुद्धा. शेवटी मागणं सोडून त्यांनी लोकांच्या कातळावर गवत कापलं, आंब्याच्या हंगामात बागांमधून पेट्या भरल्या आणि रितेशला शिकवलं. तो भरती व्हायला निघाला तेव्हा वाडीला वाटलं, ही अडवणार. त्यांनी त्याची बॅग भरून दिली. पुढे रितेशने स्वतःच्या कमाईवर हे घर बांधलं, खालच्या अंगाला हापूसच्या कलमांची लहानशी बाग घेतली. हे सगळं मला वाडीतल्या बायकांनी सांगितलं. आईंनी कधीच नाही.

दोन दिवसांनी आम्ही देवरूखला वकिलांकडे गेलो. वैष्णवी साळवी माझ्याच वयाच्या होत्या. साक्षीदार म्हणून रितेशचे दोन मित्र आले होते, आणि न बोलावता आप्पाही.

"फौजेच्या कागदांवर वारस म्हणून कोणाचं नाव आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"आईचं," रितेश म्हणाला. "भरतीच्या वेळी दिलेलं."

"ता पैला बदल," आई म्हणाल्या. "गेल्यागेल्या."

रितेश सांगत गेला. घर आणि बाग तेजस्वीला, म्हणजे मला. आमची लेक सानवी मोठी झाल्यावर काय, तेही. मग तो अडखळला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि समजा... तेजस्वीने पुढे..."

"दुसरा लगीन केलान तर बाग घराकडे परत यावी," आप्पांनी वाक्य पुरं केलं. "रीत हाय ती."

"रीत मला म्हाईत हाय, आप्पा." आई खुर्चीत थोड्या पुढे सरकल्या. "बाय, तुमी लिवा. हिनं लगीन केलान तरी घर हिचाच. बाग हिचीच. कुनी परत मागायचा नाय."

माझी कानशिलं तापली. माझा नवरा माझ्या शेजारी बसला होता, धडधाकट, सकाळी दाढी केलेला; आणि त्याची आई त्याच्यादेखत माझ्या दुसऱ्या लग्नाची तजवीज करत होती.

"आणि तुमच्यासाठी?" वकीलबाईंनी त्यांना विचारलं.

"मला मरेपरयंत ऱ्हायाला एक खोली. आणि मला बाहेर काढता येनार नाय, असा लिवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्यावर इश्वास नाय म्हनून नाय गो. मानूस चांगला असतो. वेळ चांगली असंलच असा नाय."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा उचललं. रितेशने सही केली. त्याची मान खाली होती.

घरी आल्यावर मी आईंशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मी वाल सोलत होते, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. सुपातले मूठभर वाल त्यांनी आपल्याकडे ओढले.

"राग आलाय तुला. येऊ दे. तेवा माझ्यासाटी असा कुनी बोलला असता, तर मीपन रागावले असते."

आम्ही दोघींनी वाल सोलून संपवले.

रितेश गेला. पत्ता बदलल्याचं सांगावं तसं पलटणीच्या कागदांवरचं नाव बदलल्याचं त्याने फोनवर सांगितलं. त्यानंतर एकदा सुट्टीवर आला, पडवीला नवी कौलं घातली, सानवीला विहिरीत पोहायला शिकवलं. पुढच्या थंडीत बर्फाचा कडा कोसळला.

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हा रस्ताभर माणसं होती. घोषणांनी डोंगर दणाणत होता. आई माझ्या मागे उभ्या होत्या. दोन्ही हात त्यांनी माझ्या पाठीवर टेकवून ठेवले होते, भिंत पडू नये म्हणून लावलेल्या टेकूसारखे. सलामीची फैर झडली. तेव्हाही ते हात हलले नाहीत.

दिवसकार्य आटोपलं. पाहुणे पांगले, तसे आप्पा आले.

"वैनी, पोरगी तरनी हाय. आज ना उद्या जाईल. तू आईस हायेस त्याची. तलाठ्याकडे नुसती हरकत घे. बाग घरान्यात ऱ्हाईल."

मी दाराआड होते. पोराच्या चपलेसाठीही मागावं लागलेल्या आईंना आज न मागता कोणी देऊ करत होतं. मुलगा गेलेला; आता त्यांचं म्हणता येईल असं या जगात ती बागच काय ती उरली होती.

"चाय घेशील काय, आप्पा?" एवढंच त्यांनी विचारलं.

सकाळी त्या धुतलेलं पातळ नेसल्या आणि मला म्हणाल्या, "चल. माझ्यादेखत होऊन जाऊ दे."

तलाठी तरुण होता. मृत्युपत्र चाळून त्याने बाग माझ्या नावावर करायचे फेरफाराचे कागद पुढे ठेवले आणि शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "आजी, तुमची काही हरकत आहे?"

"हाय तर," आई म्हणाल्या.

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर खिडकीबाहेर, वर आभाळाकडे होती.

"पन ती हितं नोंदवून घेत नायत. कुटं सही करू सांग."

तलाठ्याने बोट ठेवून जागा दाखवली. आईंनी एकेक अक्षर जोडत सही केली: गोदावरी सखाराम कदम. तलाठी खुर्चीतून उठला होता. आम्ही दाराबाहेर पडलो तरी तो बसला नव्हता.

बाहेर कातळ तापला होता. समोरून वाळूचा ट्रक येत होता. एसटीच्या थांब्याकडे जाण्यासाठी रस्ता ओलांडायचा म्हणून आईंनी माझा हात धरला. आम्ही पलीकडे पोचलो. ट्रक केव्हाच निघून गेला. त्यांनी हात सोडला नाही.